ठिगळाखालची पिवळी वखार

मनोहर, तुझ्या शोकसभेत पाच जण बोलले आणि पाचही जणांनी एकच वाक्य उच्चारले : "मनोहरने कधी कुणाला दुखावले नाही." पहिल्या वेळी मी मान खाली घातली. तिसऱ्या वेळी मी मोजायला लागले. पाचव्यानंतर अध्यक्षांनी माझ्याकडे वळून विचारले, "तुम्ही दोन शब्द बोलता का? तुमची तर रोजची ऊठबस होती." मी नाही म्हणाले. माझ्याजवळ जे होते ते सभेला शोभणारे नव्हते. आता इथल्या मराठी मंडळाच्या हस्तलिखितासाठी माझ्याकडे दोन पाने मागितली आहेत, "हृद्य असे काहीतरी". हृद्य मला जमणार नाही. मी तुझ्यावर रागावले आहे, आणि तो राग क्रमवार मांडण्याइतकी शुद्ध मला अजून आहे.

तू मला दुखावलेस. कुणाला न दुखावण्याच्या तुझ्या सवयीनेच दुखावलेस. हे विधान मी पुराव्यानिशी मांडणार आहे, आणि सुरुवात तुझ्या उपकारापासून करणार आहे, कारण तो वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल.

जर्मनीत, ब्राउनश्वाइगला आले तेव्हा मला एक जळालेली गल्ली हवी होती. आग एका इमारतीवरून दुसरीवर कशी जाते, हा माझा विषय. प्रयोगशाळेतल्या भट्टीत लाकडाचे ठोकळे जाळून मिळालेली सूत्रे खऱ्या गल्लीला लागू पडतात का, हे तपासायला खरी आग पाहिजे होती. युद्धातली आग निरुपयोगी होती. ती एकाच वेळी सगळीकडे लागली होती, तिला सुरुवातच नव्हती. मग मला ओकर नदीजवळच्या एका पिठाच्या गिरणीची आग सापडली, पहिल्या महायुद्धाच्याही आधीची. अग्निशमन दलाच्या जुन्या वहीत तिची तासातासाची नोंद होती : आधी गिरणी, नंतर अंगणापलीकडची घरे. परंतु त्या घरांच्या भिंती कशाच्या होत्या, मधले अंगण मोकळे होते की नव्हते, हे सांगायला तिथे एक वीटही उरलेली नव्हती. काँक्रीटची नवी दुकाने होती आणि मोटारी लावायची जागा होती. ग्रंथालयाच्या नकाशा विभागात मी दोन महिने शहराचे आराखडे उपसले. रस्ते मिळत, घरे काळ्या चौकोनांसारखी मिळत. भिंत कशाची हे कुणी लिहिलेले नसे.

शेजारच्या टेबलावर तू बसायचास. भूमापनाचा संशोधक, पुढ्यात शिसपेन्सिलीचे तुकडे उंचीप्रमाणे मांडलेले. एका मंगळवारी तू मान वर न करता मराठीत म्हणालास, "चुकीच्या कपाटात शोधताय."

"मी मराठी आहे हे तुम्हांला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. स्वतःशी बोलता तुम्ही. आत्ता 'कर्म माझं' म्हणालात."

"मग बरोबर कपाट कुठलं?"

"नकाशा कुणी काढला असेल ते सोडा. आगीची भीती सगळ्यांत जास्त कुणाला, ते विचारा."

ती विमा कंपनीला. हे मला सुचायला हवे होते, सुचले तुला. शहरातल्या एका बंद पडलेल्या विमा कचेरीने आपले जुने नकाशे ग्रंथालयाला दिले होते, आणि ते नकाशांच्या सूचीत नव्हते. व्यापार आणि विमा या विषयाखाली, वार्षिक अहवालांच्या गठ्ठ्यांमागे पडले होते. सुतळीने बांधलेला तो जाड खंड तू दोन्ही हातांनी उचलून माझ्यासमोर ठेवलास आणि धापा टाकत बसलास. धूळ, म्हणालास. मी ते मान्य केले. पहिले पान उघडले आणि मी खुर्ची पुढे ओढली. प्रत्येक घर रंगवलेले : तांबडे म्हणजे वीट, पिवळे म्हणजे लाकूड, करडे म्हणजे लोखंड. कुठल्या भिंतीला खिडक्या, कुठे पाण्याचा नळ, कुठे तेलाची पिंपे, सगळे. पॉलिसी देण्याआधी कुठले घर किती सहज पेटेल हे विमेवाल्यांना कळायला हवे होते, आणि त्यासाठी त्यांची माणसे गल्लीगल्लीने हिंडली होती. मला हवी असलेली गल्ली पत्रक सतरावर होती.

विभागाची ग्रंथपाल फ्राउ लिंडे तुला आठवते का? नकाशा विभागाच्या दारातच तिने एक बेसिन आणि साबण ठेवला होता, आणि हात धुऊन तळवे तिला दाखवल्याशिवाय कुणाला आत प्रवेश नव्हता. चौथ्या दिवशी तिने तुझी बोटे पाहिली आणि किंचाळली. बोटे पिवळी होती. नकाशाचा रंग हाताला लागला, लाकडी घरे पुसली गेली, असे तिला वाटले. तू शांतपणे सांगितलेस की सकाळी वरण केले होते, ही हळद आहे. तिचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी तू हळदीची पुडी घेऊन आलास. तिने चिमूटभर टिपकागदावर चोळली, भिंगातून नकाशातल्या पिवळ्याशी ताडून पाहिली आणि निकाल दिला, "गेनाऊ, अगदी बरोबर. हा आमचा पिवळा नाही." त्यानंतर दर मंगळवारी ती तुझी बोटे पाहून विचारायची, "आज काय शिजलं?" मी हसले होते. त्या विभागात मी हसलेली ती पहिली वेळ.

महिन्याभरात आपण 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो, मुख्यतः नीट भांडता यावे म्हणून. तू मला इन्स्पेक्टरीणबाई म्हणायचास. मी तुला मोजणीदार.

ठिगळांविषयी मला तूच शिकवलेस. विमा कचेरी दरवर्षी नवा नकाशा छापत नसे. एखादे घर पडले, नवे बांधले गेले, की कारकून तेवढ्याच आकाराचा कागदाचा तुकडा रंगवून जुन्या घरावर चिकटवायचा. त्यामुळे पत्रकाच्या कोपऱ्यात छापलेले वर्ष एक, आणि त्यावरची घरे वेगवेगळ्या वर्षांची. "वर्षावर विश्वास ठेवू नकोस," तू म्हणालास, "नखावर ठेव." आणि फ्राउ लिंडेची पाठ वळताच कागदावरून नख हलकेच फिरवून दाखवलेस, ठिगळाच्या कडेला ते अडते. मी पत्रक सतरावर अकरा ठिगळे शोधली, अकरांची यादी केली, तुला वाचून दाखवली. मला त्या यादीचा अभिमान होता. बारावे ठिगळ गिरणीमागच्या अंगणाच्या सीमारेषांवर इतके नेमके बसवलेले होते की माझे नख अडले नाही. ते लावणारा कारकून फार चांगला होता.

त्या ठिगळावर काय दिसत होते ते वाचकांसाठी सांगते. गिरणी, तिच्यामागे मोकळे अंगण, अंगणापलीकडे घरांची तांबडी, म्हणजे विटांची, भिंत. वहीतल्या नोंदीप्रमाणे आग गिरणीतून त्या घरांत गेली होती. याचा अर्थ मी असा लावला की आगीने मोकळ्या अंगणावरून उडी मारली आणि विटांची भिंतही तिला अडवू शकली नाही. माझी भट्टीतली सूत्रे असे होऊ शकते म्हणत होती. आता पुरावा मिळाला होता. प्राध्यापकांचे डोळे चमकले. त्यांनी सेमिनार ठरवला आणि शहराच्या बांधकाम नियमांच्या समितीतल्या दोघांना बोलावले.

इथे मला तुझ्या अप्पांना मध्ये आणावे लागते, कारण आपले मूळ भांडण त्यांच्यावरून झाले. नदीकाठच्या चढावर तू पूल पाहण्यासाठी म्हणून तीन वेळा थांबला होतास आणि अप्पांची गोष्ट सांगत होतास. अप्पा तालुक्याचे मोजणीदार. दोन भाऊ बांधावरून भांडत असले तर अप्पा कुणाची बाजू खरी ते बोलत नाहीत. मोजतात, खुणेचा दगड पुरतात आणि चहा न घेता निघतात. "ज्याला बघायचंय तो बघतो," तू म्हणालास.

"आणि ज्याला दिसत नाही तो?"

"त्याला कधीतरी ठेच लागते."

"हा न्याय नव्हे, मनोहर. हा भिडस्तपणा आहे."

"इन्स्पेक्टरीणबाई, सगळ्यांना तुझ्यासारखं तोंडावर फेकता येत नाही."

"फेकू नकोस. सांग. दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

तू हसलास आणि चौथ्यांदा पूल पाहायला थांबलास. मी विचारले, दम लागतो का? "पित्त," तू म्हणालास. एका चढावर चार थांबे, जड खंड उचलल्यावर धाप, निळसर नखे : माझ्याजवळ निरीक्षणे होती. पित्ताने हे होत नाही हे कळायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. मी तुझा शब्द प्रमाण मानला. प्रयोगशाळेत मी कुणाचा शब्द असा मानत नाही.

सेमिनारच्या आदल्या दिवशी तू माझ्या टेबलाशी आलास. ट्रेसिंग पेपरवर उतरवलेली माझी पत्रक सतराची प्रत भिंतीवर टाचलेली होती. तू तिच्याकडे बराच वेळ पाहिलेस आणि विचारलेस, "दुसरी प्रत पाहिलीस का?"

"कसली दुसरी प्रत? मनोहर, उद्या सेमिनार आहे. आज मला शंका नको, चहा हवा."

तू चहा आणलास. दूध जास्त झाले होते. तू पुन्हा विचारले नाहीस.

दुसऱ्या दिवशी मी चाळीस मिनिटे बोलले. शेवटी सगळ्यांनी इथल्या रीतीप्रमाणे बोटांच्या पेरांनी बाके वाजवली. तू शेवटच्या रांगेत होतास; तूही वाजवलेस, मी पाहिले. समितीतल्या एकाने विचारले, "आल्झो, म्हणजे विटांची भिंत आग अडवतच नसेल, तर प्रत्येक नव्या घराला ती सक्तीची कशाला?" प्राध्यापक म्हणाले, प्रश्न रास्त आहे, विचार व्हावा. माझ्या कामावरून शहराचा नियम बदलणार होता. बाहेर आल्यावर तू म्हणालास, "छान बोललीस." त्यात 'पण' होता का? मी त्या दोन शब्दांचा उच्चार गेले कित्येक आठवडे तपासते आहे. मला 'पण' सापडत नाही.

चार आठवड्यांनी एका मंगळवारी तू नकाशा विभागात आला नाहीस. गुरुवारी मी तुझ्या खोलीवर गेले तेव्हा घरमालकीण दारातच रडत होती. तिला सगळे ठाऊक होते : लहानपणच्या तापाने बिघडलेली हृदयाची झडप, गोळ्या, डॉक्टरांनी शस्त्रक्रियेसाठी धरलेला आग्रह, तू दोनदा पुढे ढकललेली तारीख. "तुम्हांला सांगू नका असं त्यांनी बजावलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही काळजी कराल म्हणून." मनोहर, मी काळजी केली असती. मी तुला ओढत इस्पितळात नेले असते. त्यालाच तू भीत होतास, असे माझे निदान आहे.

तुझे सामान घरी पाठवण्यासाठी बांधताना तुझी मोजणीची वही माझ्या हाती आली. चार ओळी होत्या. त्या जशाच्या तशा देते.

"पत्रक १७, गिरणीमागचे अंगण. ठिगळ आहे. दुसऱ्या प्रतीत लाकडी वखार, अंगणभर. तिला सांगणे."

"तिच्या प्रतीवर खूण केली. बघेल."

"खूण पुसली आहे. दिसली नाही की पटली नाही?"

"सेमिनार होऊ दे. मग सांगू."

चारही ओळी सेमिनारच्या आधीच्या होत्या. खूण कसली, हे मला क्षणभर कळले नाही. पानाच्या कडेला तू ती काढली होतीस : बारीक त्रिकोण, मध्ये ठिपका. भूमापनाची खूण, खुणेच्या दगडावर कोरतात ती. आणि मला आठवले. माझ्या ट्रेसिंगवर, अंगणाच्या मधोमध, तांदळाच्या कणीएवढे काहीतरी होते. पेन्सिलीचा डाग समजून मी रबर घेतले आणि पुसले. दोन सेकंदांचे काम. वर फुंकर मारून कागद स्वच्छही केला.

ग्रंथालयात गेले. फ्राउ लिंडेने माझे तळवे पाहिले नाहीत. तिने खालच्या कपाटातून आणखी एक खंड काढला; पाठीवरची चिठ्ठी गळून गेल्यामुळे तो सूचीत नव्हता. विमा कचेरीची तिजोरीतली प्रत. तिला कुणी कधी ठिगळ लावलेले नव्हते. "ते तीनदा येऊन गेले हे बघायला," ती म्हणाली, आणि खंडातल्या वाचक-पत्रावर तुझी सही तीन वेळा होती. पत्रक सतरा उघडले. गिरणी आणि घरे यांच्यामध्ये, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पिवळीजर्द लाकडी वखार. घरांची मागची भिंतही पिवळी. विटांची भिंत आगीनंतर बांधली गेली होती आणि मोकळे अंगण आगीनंतर मोकळे झाले होते. आगीने उडी मारलीच नव्हती. ती वखारीतून सरळ चालत गेली होती.

चूक माझी आहे. बारावे ठिगळ माझ्या नखाला सापडले नाही, दुसऱ्या प्रतीचा प्रश्न मी चहाने उडवला, आणि तुझी खूण मी माझ्या हाताने पुसली. हे तिन्ही मी मान्य करते आणि कुणाच्याही माथी मारत नाही. माझा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे, तुझ्या तिसऱ्या ओळीवर. "दिसली नाही की पटली नाही?" म्हणजे तुला शक्य वाटले होते की मी ती खूण पाहिली, वखार मला कळली, आणि तरीही मी ती पुसून त्या खोलीत चाळीस मिनिटे खोटे बोलले. असे शक्य वाटत असताना तू बाक वाजवलेस! माझ्यासमोर उभे राहून एकदा "तू दडवलंस का?" असे विचारले असतेस तर मी संतापले असते, आठवडाभर तुझ्याशी बोलले नसते, आणि मग तुझ्याबरोबर खालचे कपाट उघडायला आले असते. एवढाही हिशेब तुला माझ्याविषयी जमला नाही? तू मला कच्च्या काचेसारखे जपलेस. मी कच्ची नव्हते. ज्या माणसाने दोन प्रती ताडल्याशिवाय कागदावर विश्वास ठेवला नाही, त्याने माझ्याविषयीचे एक अनुमान न तपासता तसेच ठेवून दिले. आणि आता ते खोडायला मला समोर माणूस नाही.

सोमवारी मी दोन्ही प्रतींची छायाचित्रे घेऊन प्राध्यापकांकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पुसला. मग म्हणाले, "ते एक प्रकरण प्रबंधातून नुसते गाळता येईल. समिती सारखे विषय बदलत असते. विसरतील ते."

क्षणभर मला तुझा आवाज ऐकू आला, खरे सांगते. तेच सौजन्य, तोच कुणाला लाजवायचे नाही असा सूर. त्या सुरात जाऊन बसणे किती सोपे आहे हे मला त्या क्षणी कळले, आणि तुझ्याविषयी जी थोडी दया आली ती तेव्हाच.

"नाही," मी म्हणाले. "तीच खोली हवी, आणि तीच माणसं."

मिळाली. मी दहा मिनिटे बोलले. वखार दाखवली, ठिगळ दाखवले, माझा निष्कर्ष मागे घेते असे म्हणाले, आणि विटांच्या भिंतीची सक्ती माझ्या कामाच्या आधारावर कृपया काढू नये अशी विनंती केली. चूक कुणाच्या लक्षात आली, असे समितीतल्या त्याच माणसाने विचारले. मी तुझे पूर्ण नाव घेतले, आणि त्याने ते आपल्या वहीत उतरवून घेईपर्यंत पुढे बोलले नाही. शेवटी कुणी बाक वाजवले नाही. लोक गुपचूप उठून गेले. शेवटच्या रांगेतली तुझी खुर्ची मी पाहिली नाही असे म्हणणे खोटे होईल. प्रबंध आता नव्याने, दुसरी गल्ली शोधण्यापासून. एक वर्ष तरी गेले. गेले तर गेले.

परवा अप्पांचे पत्र आले. वळणदार, ओळीत अक्षर; मोजणीच्या कागदावर लिहायची सवय दिसते. "चि. मनोहर आपल्याविषयी नेहमी लिहीत असे. मागील पत्रात त्याने लिहिले होते की, ती सहसा चुकत नाही." ते 'सहसा' मी पुन्हा पुन्हा वाचले. तुझ्या त्या पत्राची तारीखही अप्पांनी दिली होती; ती सेमिनारनंतरची होती. म्हणजे मी चुकले, दडवले नाही, हे तुला कळले होते; तर तू अनुमान अगदीच न तपासता ठेवले नव्हतेस. मला सांगायचे ते अप्पांना, एका शब्दात, चार हजार मैलांवर सांगितलेस. पुन्हा दगड पुरलास आणि निघून गेलास.

आज त्यांना उत्तर लिहिले. मी चुकले होते, आणि ते सर्वांत आधी मनोहरच्या लक्षात आले होते, असे स्पष्ट लिहिले. सोबत पत्रक सतराची नवी ट्रेसिंग घडी करून घातली आहे. अंगणाच्या मधोमध तुझा त्रिकोण काढला आहे, मध्ये ठिपका, या वेळी शाईने. खूण अप्पांना ओळखता येईल. पण मी नुसत्या खुणेवर सोडलेले नाही. शेजारी शब्दांत लिहिले आहे. तीन शब्द पुरले : "इथे वखार होती."

एवढेच म्हणायचे होते, मनोहर.